वयाचं निमित्त

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. विषय नव्हते असं नाही, पण ड्यूटी संपवून घरी आलं की हात की-बोर्डकडे जायचेच नाहीत. आज मात्र जातायत. कारण गेल्या आठवड्यात दोन दिवसांत तीन वेळा एकच वाक्य ऐकलं आणि तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. वाक्य साधंच आहे. "अगं, पण त्यांचं वय झालंय ना आता!"

झालं असं, की माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांना अन्ननलिकेत गाठ निघाली. वय ७९. गेल्या दिवाळीपर्यंत रोज सकाळी पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढणारा माणूस. ऑपरेशन करायचं तर छातीतून जावं लागणार, एक फुफ्फुस काही तास बंद ठेवावं लागणार. झालं! घरात बैठक बसली. बहिणीच्या दिराने, शेजारच्या काकांनी आणि (हे मला जास्त लागलं) घरोब्यातल्या एका डॉक्टरांनीही तेच वाक्य टाकलं. त्याच्या पुढचं वाक्य तर ठरलेलंच असतं. "भूल सोसवायची नाही त्यांना."

मी गेली सत्तावीस वर्षं भूल देते. त्यातली निदान निम्मी वर्षं छातीच्या ऑपरेशनांना. आमच्या नातेवाइकांत माझी ओळख अजूनही "ती इंजेक्शन देऊन झोपवते ती" अशीच आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण "भूल सोसवायची नाही" ह्या वाक्याबद्दल मात्र माझी सक्त तक्रार आहे. कारण त्यात सगळा दोष पेशंटच्या जन्मतारखेवर ढकललेला असतो. सोसायचं त्यांनी, कमी पडायचं त्यांनी. आम्ही भूल देणारे, कापणारे, वॉर्डातले आणि बाहेर बाकड्यावर बसलेले, सगळे नामानिराळे.

आता तुम्ही म्हणाल, वयाने काहीच फरक पडत नाही का? पडतो ना. साधारण पंचविशीनंतर, जोरात फुंकर मारून पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकता येते ती दरवर्षी २५ ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते. ही गळती सगळ्यांनाच आहे. बरगड्यांचे सांधे ताठरतात, फुफ्फुसाचा ताण जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखा सैलावतो. त्यामुळे श्वास सोडताना खालच्या बाजूच्या बारीक नळ्या मिटायला लागतात. उताणं झोपलेल्या माणसात हे नेहमीच्या साध्या श्वासालाही साधारण चव्वेचाळिशीत सुरू होतं, उभ्या माणसात पासष्टीच्या पुढे. खोकल्याचा जोर कमी होतो. म्हणजे पंचाहत्तरीतलं फुफ्फुस हे कमी शिल्लक असलेलं बँकेचं खातं आहे, हे कबूल. पण शिल्लक कमी आहे म्हणून आपण खातं बंद करतो का? उलट पैसे जपून काढतो. माझं एवढंच म्हणणं आहे, की आम्ही जपून काढत नाही. आणि खातं रिकामं झालं की म्हणतो, मुळात होतंच कुठे फारसं!

थोडं आत घेऊन जाते तुम्हाला. भूल दिल्यावर काही मिनिटांतच दहातल्या नऊ जणांच्या फुफ्फुसाचा खालचा थोडा भाग मिटतो. तरण्याताठ्यांचासुद्धा. श्वासपटल सैल पडतं, पोटातलं सगळं वर ढकलतं, आणि वर आम्ही शंभर टक्के प्राणवायू देत राहिलो तर तो रक्तात चटकन शोषला जाऊन कप्पे आणखी मिटतात. छातीच्या ऑपरेशनला ह्यावर कडी असते. पेशंटला कुशीवर वळवतात. ज्या बाजूला काम करायचं ते फुफ्फुस हवा काढून बसवून ठेवतात. त्यासाठी दोन वाटा असलेली नळी लागते. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स ह्या डॉक्टरांनी १९४९ साली अशी नळी पुढे आणली आणि तेव्हापासून एकाच फुफ्फुसावर माणूस जिवंत ठेवून दुसऱ्यावर निवांत काम करणं जमायला लागलं. तर सगळा भार पडतो खालच्या फुफ्फुसावर. त्याच्या अंगावर हृदयाचं ओझं, एका बाजूने पोट, खालून टेबल. सर्जन वरून म्हणत असतात, "अजून नीट बसलं नाहीये हो, जरा बघा." प्राणवायूचा आकडा घसरायला लागतो. भूल देणाऱ्याचा हात आपोआप मशीनकडे जातो आणि श्वास मोठा करतो.

इथेच घात होतो. जे फुफ्फुस आम्ही कापत नाही, जे पेशंटला पुढे जन्मभर पुरायचं आहे, नेमकं तेच आम्ही ताणून ताणून बिघडवतो.

आता एक गोष्ट सांगते. ही मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही. आईलाही नाही.

२००१ साल. एमडी होऊन मला दोनच वर्षं झाली होती. एका जिल्ह्याच्या गावी मी काम करत होते. एक निवृत्त शिक्षक, वय ७१, फुफ्फुसाचा एक खंड काढायचा होता. आदल्या संध्याकाळी मी त्यांना पाहिलं, दहा मिनिटं. त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, मला काही तयारी करायची आहे का?" शाळामास्तरच ते, प्रश्न अगदी बरोबर विचारला. मी म्हटलं, "काही नाही सर, रात्री बारानंतर पाणी पिऊ नका."

ऑपरेशन चार तास चाललं. मला शिकवलं होतं किलोमागे दहा मिलिलिटर श्वास द्यायचा, आणि एक फुफ्फुस बंद केलं तरी तोच चालू ठेवायचा. त्या वेळच्या पुस्तकांतही तसंच होतं. सरांचं वजन ७८ किलो. म्हणजे ७८० मिलिलिटर, एका फुफ्फुसात, मिनिटाला दहा-बारा वेळा, सलग तीन तासांहून जास्त. सरांची उंची १६५ सेंटिमीटर होती. उंचीवरून हिशेब केला तर त्यांच्या फुफ्फुसासाठीचं वजन धरायला हवं साडेएकसष्ट किलो. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस काही वाढत नाही! आणि एका फुफ्फुसाला आज आपण किलोमागे पाचच्या आसपास देतो. म्हणजे तीनशे. जिथे तीनशे द्यायचे तिथे मी ७८० देत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांचं चांगलं फुफ्फुस एक्स-रेमध्ये पांढरं दिसायला लागलं. अकराव्या दिवशी ते गेले. बाहेर त्यांचा मुलगा उभा होता. मी त्याला म्हटलं, "वय झालं होतं हो." त्याने मान हलवली आणि माझे आभार मानले.

माझ्या त्या श्वासांमुळेच ते गेले असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित जंतुसंसर्ग असेल, कदाचित सलाईन जास्त झालं असेल. (झालंच होतं. तेव्हा बाटल्या मोजण्यापेक्षा लावण्यावर भर असायचा.) पण वय हे कारण नव्हतं, हे मला तेव्हाही आतून माहीत होतं. दुसरं काही सांगायला सुचलं नाही म्हणून मी ते सांगितलं. आणि ते चाललं! कुणीच पुढचा प्रश्न विचारला नाही. म्हणून ह्या वाक्याचा मला एवढा राग आहे.

गंमत म्हणजे ज्ञान तोवर छापून आलेलं होतं. मे २००० मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ८६१ पेशंट, सगळे आयसीयूतले, फुफ्फुसं आधीच बिघडलेली. उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे बारा मिलिलिटर दिलेल्यांपैकी जवळपास चाळीस टक्के दगावले, सहा दिलेल्यांपैकी एकतीस. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही, नुसता एक आकडा निम्मा केला. पण आम्ही ओटीतले म्हणायचो, ते आयसीयूचं आहे, आपल्याकडे पेशंट चार तासच असतो. मग २०१३ मध्ये फ्रान्समधून ओटीतलाच अभ्यास आला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांचे ४०० पेशंट. लहान श्वास, श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब राखायचा म्हणजे कप्पे मिटत नाहीत, आणि अधूनमधून मिटलेले भाग उघडायचे. ज्यांना असं सांभाळलं त्यांच्यात मोठी गुंतागुंत साडेदहा टक्के, जुन्या पद्धतीत साडेसत्तावीस. आता सांगा, ह्या दोन गटांत वयाचा फरक होता का? नव्हता. फरक भूल देणाऱ्याच्या हातात होता.

आज २०२६ मध्ये हे सगळं प्रत्येक एमडीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ आहे. तोंडपाठ! आणि तरीही मी किती ओटींत पाहते, पेशंट टेबलावर आल्यावर उंची विचारलेली नसते, मशीन सुरू केल्यावर पडद्यावर जो आकडा आधीचाच असतो तोच चालू राहतो. बुटक्या, वजनदार, वयस्क बायकांचे ह्यात सर्वांत जास्त हाल होतात. त्यांच्या फुफ्फुसाची मापं कुणी घेतच नाही. स्नायू सैल करायचं औषध पूर्ण उतरलंय की नाही हे मोजायचं छोटं यंत्र असतं. हाताच्या नसेला चार बारीक झटके द्यायचे आणि चौथा पहिल्याच्या निदान नव्वद टक्के आला की मगच नळी काढायची. त्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला धड खोकता येत नाही, थुंकी श्वासनलिकेत उतरते. ते यंत्र कित्येक ठिकाणी कपाटात असतं आणि कपाटाची चावी सिस्टरकडे असते आणि सिस्टर रजेवर असते. डोळे उघडले, मान उचलली, चला! मग तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया, आणि केसपेपरवर पहिला शब्द कुठला? वय.

माझे व्यवसायबंधू हे वाचून म्हणतील, बाईसाहेब, सगळं इतकं सोपं नाहीये. बरोबर आहे, नाहीये. आतला दाब जास्त ठेवला म्हणजे जास्त फायदा, असं वाटत होतं, तर २०१४ मध्ये ९०० पेशंटच्या अभ्यासात फायदा दिसला नाही, रक्तदाब मात्र जास्त जणांचा पडला. छातीच्या ऑपरेशनात दाबातला फरक कमीत कमी ठेवायची एक पद्धत कोरियातल्या छोट्या अभ्यासात फार छान दिसली, मोठ्या अभ्यासात तो फरक उरला नाही. हे मी लपवत नाही. नेमका किती दाब, किती वेळा फुगवायचं, ह्यावर आमच्यात वाद आहेत आणि राहू देत. पण ७८० का ३०० ह्यावर वाद नाही. उंची मोजायची की नाही ह्यावर वाद नाही. कपाटाच्या चावीवर तर नाहीच नाही.

असो. माझ्या जमातीवर पुरेसं बोलले. आता तुमच्याकडे येते.

तुमच्याकडे म्हणजे आमच्याचकडे. गेल्या वर्षी आत्याच्या वेळेला जे झालं ते नातेवाइकांपैकी निम्म्यांना माहीत आहे, उरलेल्यांसाठी सांगते. आत्या तेव्हा ७६ वर्षांची. कराडजवळच्या खेड्यात पंचेचाळीस वर्षं चुलीसमोर बसलेली, बिडी कधी हातात धरली नाही पण धूर सगळा पिऊन झालेला. शिवाय मिश्री. खोकला जाईना म्हणून फोटो काढला, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या खंडात गाठ. लवकर सापडली होती, पसरलेली नव्हती. सर्जन तयार होते. तयार नव्हते ते आपण. "तिच्या जिवाला आता कशाला त्रास," असं म्हणणाऱ्यांत तिचा स्वतःचा मुलगा, म्हणजे आपले अण्णाही होते. त्यांना वाईट वाटेल, पण हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालेय म्हणून इथेही लिहिते.

मी म्हटलं, वय सोडून द्या, आकडे बघू. पहिल्या सेकंदाची फुंकर १.२ लिटर, तिच्या वयाला आणि उंचीला अपेक्षित त्याच्या ८० टक्के. फुफ्फुसाचे एकूण १९ भाग धरतात, त्यातले पाच उजव्या खालच्या खंडात. म्हणजे चौदा उरणार. ८० चे एकोणिसातले चौदा भाग म्हणजे ५९ टक्के. चाळीसच्या खाली गेलं असतं तर आम्हीच हात आखडता घेतला असता. मग जिना. त्याचीही मोजणी आहे. न थांबता २२ मीटर उंची चढणारा माणूस असं ऑपरेशन सहसा झेपवतो. २२ मीटर म्हणजे साधारण सात मजले. आत्या पहिल्या दिवशी दोन मजल्यांवर बसली आणि म्हणाली, "मला काय डोंगरावर न्यायचंय का गं?"

आमच्याकडे तीन आठवडे होते. ह्या तीन आठवड्यांबद्दल मला खरं भांडायचंय, कारण हे तीन आठवडे प्रत्येकाकडे असतात आणि प्रत्येक जण ते सोनोग्राफी, दुसरं मत, तिसरं मत, मुहूर्त आणि विम्याच्या कागदांत घालवतो. सर्जन कोण हे शोधायला आपण दहा फोन करतो. भूल कोण देणार, हे बिल आल्यावर कळतं! ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनांचा होता, छातीचा नव्हे, हे आधीच सांगते. फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या आधी एकदाच, फक्त अर्धा तास, पेशंटला समजावून सांगायचं की शुद्धीवर आल्याबरोबर खोल श्वास कसे घ्यायचे, खोकायचं कसं आणि का. दुसऱ्या गटाला नुसतं माहितीपत्रक. छातीची गुंतागुंत अर्ध्या तासवाल्यांत बारा टक्के, पत्रकवाल्यांत सत्तावीस. अर्धा तास! सरांनी मला हेच विचारलं होतं ना, तयारी काय करायची?

आत्याची मिश्री सुटली. (सुटली म्हणजे आम्ही डबी लपवली, तिने दुसरी आणवली, आम्ही तीही लपवली.) दात आणि तोंड स्वच्छ ठेवणं हा फुफ्फुस वाचवायचा भाग आहे हे तिला आधी पटेना, तोंडातले जंतूच खाली उतरतात म्हटल्यावर पटलं. दुपारची अंडी सुरू झाली. आणि जिना, रोज दोनदा, वहिनीबरोबर. त्या तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या खेळण्यात श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे, तर नातवाने आजीची आणि स्वतःची स्पर्धा लावली. तिसऱ्या आठवड्याअखेर आत्या पाच मजले चढली. सात नाही, पाचच. सात झालेच नाहीत, पण दोनाचे पाच झाले.

भूल मी दिली नाही, आपल्या माणसाला देऊ नये. माझ्या एका मैत्रिणीने दिली. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी बसून आकडा लिहिला. उंची १४८, वजन ६६. जुन्या पद्धतीने ६६० मिलिलिटर झाले असते. आम्ही लिहिले २०७. एका फुफ्फुसासाठी एवढाच श्वास. ओटीच्या बाहेर बसून मला तो आकडा आठवत होता, दुसरं काही नाही.

आणि मग सुरू झाली आपली माया. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवशी फिजिओवाली पोरगी आत्याला खुर्चीत बसवायला आली तर तिला दारातूनच, "अहो, आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या जरा." खोकायला सांगितलं तर, "टाके उसवतील." सलाईन कमी केलं तर, "बंद का केलं? ताकद कशी येणार?" मंडळी, सलाईन म्हणजे मीठपाणी. त्यात ताकद नाही. फुफ्फुसाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते जास्त झालं तर पाणी फुफ्फुसातच साचतं. आणि झोपवून ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कफ खाली साचतो, खालचा भाग मिटतो, त्यातच न्यूमोनिया घर करतो. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयाने २०१३ मध्ये आपल्या मोहिमेची हकिगत छापली. नाव ठेवलं होतं 'आय कफ', म्हणजे मी खोकतो. त्यात काय होतं? चेंडूंचं खेळणं, खोकणं, दात घासणं, पेशंटला आणि घरच्यांना समजावणं, दिवसातून तीनदा उठवणं आणि उशाकडचा भाग उंच ठेवणं. एवढंच. आपल्याकडे बारशाला यापेक्षा जास्त तयारी लागते.

पण मला सर्वांत जास्त बोचलं ते वेगळंच. दुसऱ्या रात्री मी आत्याजवळ होते. ती अगदी वरवर, कुत्रं धापतं तसे श्वास घेत होती. विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "दुखतंय म्हणून सांगितलं तर चालतंय का गं?"

शहात्तर वर्षं ह्या बाईने चालतंय का हे विचारूनच काढली. तिच्या पाठीत मणक्याच्या शेजारी बारीक नळी ठेवलेली होती, तिथून बरगड्यांच्या नसा बधिर करायचं औषध जात होतं. पंप थांबला होता. बझर वाजत असणार, कुणी तरी बंद केला असणार. आणि ती सांगत नव्हती. छाती दुखली की माणूस खोल श्वास घेत नाही, श्वास नाही तर खोकला नाही, खोकला नाही तर कफ. म्हणजे दुखणं सोसणं हा इथे गुण नाही, तो रोगाला दिलेला हात आहे. आणि आपण म्हाताऱ्या माणसांचं कौतुक कशाचं करतो? "बघा, हूं की चूं केलं नाही!" पाठीत नळी नको म्हणून हट्ट धरणारे नातेवाईक तर दर महिन्याला भेटतात, "कायमची कंबर दुखते म्हणे." कुणाची दुखते, तर शेजारणीच्या जावेची. दुसरीकडे, वेदनाशामक कमी दिलं म्हणून तक्रार करणारा नातेवाईक मला सत्तावीस वर्षांत मोजून चार वेळा भेटला असेल.

पंप सुरू केला. वीस मिनिटांनी आत्या नीट खोकली. असा काळपट कफ निघाला की मला चूल आठवली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले. ह्या वयात ह्या ऑपरेशननंतर ते बऱ्याच जणांत होतं. औषधांवर दीड दिवसात आटोक्यात आलं. नवव्या दिवशी घरी. एका आत्यावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मला कळतं. ती नसती वाचली तरी मी हेच लिहिलं असतं, फक्त लिहायला जास्त वेळ लागला असता.

आणि नाही म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे. फुंकर तीस टक्क्यांवर आलेली असेल, एक मजला चढून ओठ निळे पडत असतील, तर ऑपरेशन करूच नये. काही गाठींना नेमक्या किरणोपचाराचा मार्ग आहे, काही वेळा नुसतं सुखात ठेवणं हाच उपचार आहे. पेशंटला स्वतःलाच नको असेल तर विषयच संपला. पण ही कारणं आहेत, आकडे आहेत, त्या माणसाची इच्छा आहे. "वय झालंय" हे ह्यातलं काहीच नाही. फुफ्फुसाच्या ऑपरेशनाच्या मार्गदर्शक सूचनांतही, नुसत्या वयावरून कुणाला नाकारू नका, असं लिहिलेलं आहे.

मावसबहिणीच्या सासऱ्यांना गेल्या रविवारी भेटून आले. बैठकीत त्यांच्याबद्दल सगळे बोलले होते, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मी विचारलं. म्हणाले, "करायचंय मला. पण घरचे घाबरलेत, त्यांना कसं सांगू?" गिळताना त्रास होतो त्यामुळे सहा किलो उतरलेत, तेव्हा आधी पातळ आहार आणि वजन. तंबाखू कधी नव्हती. उंची त्यांच्याच घरातल्या शिवणकामाच्या टेपने दाराला उभं करून मोजली, १६८. भूल कोण देणार ते बहिणीने फोन करून विचारून घेतलं. समोरचा माणूस दोन मिनिटं गोंधळला, इतकं ह्याआधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. मंगळवारी त्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, ऑपरेशनच्या पुरते अठरा दिवस आधी. पर्वती आता जमत नाही, पण बिल्डिंगचा जिना आहे. काल तीन मजले झाले.